वाढत्या अंगाचा खेळ

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही मुलाला मापाचा कपडा शिवून दिला नव्हता. यावरून त्यांचा हात कच्चा होता असं कुणी समजू नये. त्यांच्या काजाला तोड नव्हती, आणि कॉलर अशी बसे की शेजारच्या इस्त्रीवाल्याला तिथे काम उरत नसे. पण दुकान होतं लहान मुलांच्या कपड्यांचं, म्हणजे शाळेचे गणवेश, फ्रॉक, विजारी असलं. आणि मुलांचा कपडा मापात शिवणं म्हणजे मास्तरांच्या मते आईबापांचा गळा कापणं. मूल आज आहे तेवढं सहामाही परीक्षेपर्यंत राहत नाही. म्हणून बाही बोटांपर्यंत, खाली वीतभर दुमड, शिवणीत जास्तीचं कापड आत सोडलेलं. "वाढत्या अंगाचा शिवलाय," असं म्हणून ते कपडा पुढे करत आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. आतलं मूल पोत्यात घातल्यासारखं दिसे खरं, पण मुलाला विचारतो कोण?

दुकानात सगळं वयाच्या आकड्यावर चाले. सहाचा फ्रॉक, आठची विजार, बाराचा सदरा. मूल आठ वर्षांचं असलं की मास्तर न बघता दहाच्या तयार कपड्यांचा खण उघडत, आणि अंगाने जरा भरलेलं असलं तर बाराचा. इतक्या वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. माणसाचा हिशेब इतकी वर्षं चुकला नाही की तो जगात सगळीकडे लागू आहे असं त्याला वाटायला लागतं. मास्तरांचं तेच झालं.

मास्तर दुकानामागच्या खोलीत एकटे राहत. बायको वेगळी झाली होती. आदळआपट नाही की भांडीकुंडी फेकणं नाही. दोघांनाही एकमेकांशी बोलायचा कंटाळा आला आणि तो गेला नाही, एवढंच. ती एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसे. लग्न होतं तोवर ती त्यांना 'अहो' म्हणायची. आता 'अहो' गेलं होतं, नुसतं 'तुम्ही' उरलं होतं. मुलगी तिच्याकडे राही आणि रविवारी सकाळी मास्तरांकडे येई. रांगायची तेव्हा ती दुकानात पडलेली बटणं उचलून तोंडात घालायची, म्हणून मास्तर तिला बटणी म्हणत. आता ती दहा वर्षांची झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

बटणीचा रविवार म्हणजे मास्तरांचा आठवडा. बाकीचे सहा दिवस ते मशीन चालवत, जेवत, झोपत. पण अलीकडे पोरीचं मन तिथे रमत नव्हतं. चिंध्यांच्या बाहुल्या करायचं वय गेलं. ती खिडकीत बसून पाय हलवत राही आणि दुपारीच विचारी, "बाबा, आई किती वाजता येणार?" एका रविवारी फोन आला, मैत्रिणीकडे जातेय, पुढच्या वेळी येते. मास्तर "जा की" म्हणाले, फोन ठेवला आणि उगाचच एक चांगला शिवलेला खिसा उसवून परत शिवला. आज मैत्रीण, उद्या आणखी काही, आणि एके दिवशी पोरगी यायचीच बंद होईल, अशी भीती त्यांना वाटायला लागली.

तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना टीव्हीला जोडायचा गेमचा डबा देऊन टाकला. त्याचा मुलगा शिकायला परगावी गेला होता आणि डब्यावर धूळ बसत होती. आत मोटारींचा एक खेळ होता, तो बटणीने थोड्याच रविवारांत कोळून प्यायला. मग मास्तर दुकान बंद करून नवा खेळ आणायला बाजारात गेले.

दुकानात भिंतभर खोकी. ज्याच्यावर बघावं त्याच्यावर बंदूक नाहीतर दात विचकणारा कुणीतरी. मास्तर हात टेकायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांना एक खोकं दिसलं. त्याच्यावर एक घर होतं, वरच्या खिडकीत दिवा, आणि अंगणात एक लहान मुलगी पाठमोरी उभी. तिच्या अंगात लाल फ्रॉक होता. आणि तो फ्रॉक असा बेतलेला होता, की मास्तर बघतच राहिले. फुग्याच्या बाह्या, कमरेला बारीक चुण्या, पाठीवर कापडाने मढवलेल्या बटणांची ओळ. ज्याने हा फ्रॉक काढलाय त्याला कापडातलं कळतं, आणि ज्याला कापडातलं कळतं तो माणूस वाईट असणार नाही. असा सरळ विचार करून त्यांनी खोकं उचललं. कोपऱ्यात तांबड्या चौकोनात आकडा होता, अठरा.

"याच्यावर अठरा आहे हं," काउंटरवरची बाई चष्म्यावरून बघत म्हणाली.

"असू दे. वाढतं वय आहे तिचं."

बाईने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि खोकं पिशवीत घातलं. शेजारी बाराचेही खेळ होते. पण बाराचा घेतला तर दोन वर्षांत पुन्हा आहेच. अठराचा घेतला की पोरगी कॉलेजात जाईपर्यंत चिंता नको, असं मनाशी म्हणत मास्तर घरी आले. आकाश ठेंगणं झालं होतं त्यांना.

रविवारी बटणीने खोकं हातात घेतलं. आकड्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, हा अठराचा आहे."

"माहितीये. जरा मोठाच घेतलाय. होईल तुला हळूहळू."

तिच्या फ्रॉकच्या बाह्या तेव्हाही बोटांवर आल्या होत्या. तिने त्या मागे सारल्या आणि खेळ लावला.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. पोरगी वेळेवर यायची, डबा लावायची आणि म्हणायची, "बाबा, तू इथेच बस. उठू नकोस." इतक्या महिन्यांत ती असं कधी म्हणाली नव्हती. मास्तर काजाचं काम मांडीवर घेऊन तिला खेटून बसत. खरं तर त्या टीव्हीतून येणारे आवाज त्यांना सहन होत नव्हते. दारं करकरायची, कुणीतरी जिन्यावरून फरफटत यायचं, मध्येच एक बाई अशी किंचाळायची की सुई बोटात घुसायची. त्यांनी दोनदा वर पाहिलं, अंधाराशिवाय काही दिसलं नाही, आणि मग त्यांनी ठरवूनच टाकलं की डोळे काजावरून काढायचे नाहीत. पोरीला आवडतंय ना, मग आपण कशाला मोडता घालायचा? बटणी दुकानातल्या पुतळ्यावर चादर टाकायला लागली, तेव्हाही त्यांना वाटलं, घर-घर खेळतेय. हातात कंट्रोलर घेतलेल्या मुलीने घर-घर खेळायला चादर का टाकावी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. बरेच प्रश्न त्यांना पडत नसत.

मग मास्तरांच्या डोक्यात एक कल्पना आली. आनंदाच्या भरात माणसाला सुचू नये ते सुचतं. खोक्यावरचा फ्रॉक त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यांनी तसंच लाल कापड शोधून काढलं, मान मोडेपर्यंत बसून चुण्या घातल्या, पाठीवरची बटणं एकेक मढवली. बटणीसाठी शिवला, म्हणजे अर्थात बाराचा शिवला. रविवारी सकाळी तो पुतळ्याला चढवला, पुतळा पाठमोरा करून दारासमोर उभा केला आणि स्वतः मशीनमागे हसत उभे राहिले.

बटणी दारात आली आणि तिथेच थांबली. हातातली पिशवी खाली पडली.

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"छान आहे," ती पिशवी उचलत म्हणाली.

"घालून बघ की."

तिने घातला. दिवसभर अंगात ठेवला, संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा तसाच घालून गेली. मास्तर गल्लीच्या वळणापर्यंत त्या लाल रंगाकडे बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मुलीच्या आईचा फोन आला.

"तुम्ही तिला काय देऊन बसवता तिथे?"

"खेळ दिलाय एक."

"कसला खेळ?"

"चांगला आहे. अठराचा."



"अठराचा? अहो, ती दहाची आहे." रागाच्या भरात जुना 'अहो' निसटला.

"म्हणूनच तर अठराचा घेतला. बाराचा घेतला असता तर दोन वर्षांत..."

"दोन वर्षांत काय?"

"लहान झाला असता."

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. महिनाभर पोरगी दिवा लावूनच झोपते. बाथरूमचं दार उघडं ठेवते. तुम्ही दिलेला तो लाल फ्रॉक तिने गादीखाली दडपून ठेवलाय आणि वर उशा रचल्यात. वर्गातल्या एका मुलीची आई म्हणालीच होती, असले खेळ मुलांच्या जवळपासही येऊ द्यायचे नसतात. "या रविवारी ती येणार नाही. शनिवारी आम्ही दोघी येतो, मला तो खेळ बघू दे. पुढे पाठवायची की नाही ते मग ठरवते."

"पण मग अठरा म्हणजे काय?" मास्तरांनी कळवळून विचारलं.

"ते तुम्हाला कळायला हवं होतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मास्तरांना काही सुधरेना. आकडा मोठा होता, म्हणजे खेळ टिकणारा होता. टिकणारी वस्तू घेणं हा गुन्हा कधीपासून झाला? त्यांनी इस्त्रीवाल्याला गाठलं. इस्त्रीवाला कोळसे सारखे करत म्हणाला, "अठरा पायऱ्या असतील त्यात. माझा भाचा सांगत असतो, मी सातव्या पायरीवर आहे, मी आठव्या पायरीवर आहे." हे पटण्यासारखं होतं, पण पायऱ्यांनी झोप का उडावी? मग गणवेश न्यायला एक बाई आल्या, स्वतः शाळेत शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तो अवघडपणा असतो हो. माझा मुलगा नऊचा आहे, पण सोळाचे खेळतो. डोकं तल्लख आहे ना!" त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मास्तरांना पुढचं विचारवेना. गिऱ्हाइकांपैकी एका मुलाचे वडील तर हसलेच. "तो आकडा नुसता छापायचा म्हणून छापतात, मास्तर. औषधाच्या बाटलीवर नसतं का, मुलांपासून दूर ठेवा म्हणून? कोण ठेवतं?" मास्तर ठेवत होते. फळीवर, सगळ्यात वर.

जितकी माणसं तितके अर्थ, आणि 'मला ठाऊक नाही' असं म्हणणारा एकही भेटला नाही. मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी खोकं घेऊन ते पुन्हा त्या दुकानात गेले.

"मी सांगितलं होतं तुम्हाला, अठरा आहे म्हणून," चष्मेवाली बाई म्हणाली.

"अठरा आहे हे सांगितलंत. काय अठरा, ते नाही सांगितलंत."

"तुम्ही म्हणालात वाढतं वय आहे. मला वाटलं सतराची असेल, थोडक्यासाठी कशाला अडवा." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "केवढी आहे हो?"

मास्तरांनी सांगितलं. बाईने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग खोकं उलटं करून मागच्या बाजूला बोट लावलं. तिथे एका ओळीत छोटी छोटी चित्रं होती, एक कोळी, एक वळलेली मूठ. "हा कोळी म्हणजे भीती. मूठ म्हणजे मारामारी. आणि अठरा म्हणजे अठरा वर्षं झाल्याशिवाय हातात द्यायचाच नाही. किती हुशार आहे, किती दिवस पुरेल, त्याच्याशी काही संबंध नाही."

ती चित्रं मास्तरांनी पाहिली होती. कपड्याच्या आत कसं लेबल असतं, टब म्हणजे धुवा, इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री करू नका, तसलंच काहीतरी असणार म्हणून त्यांनी ते वाचलंच नव्हतं. कोळी बघून त्यांना वाटलं होतं, जाळीजळमटांपासून जपा.

शनिवारी दोघी आल्या. बटणी दारातून आत येताना पुतळ्याकडे न बघता भिंतीला घासून गेली. मास्तरांनी ते पाहिलं. आता त्यांना सगळंच दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते सोसत नव्हतं.

"लावा तो खेळ," तिची आई म्हणाली. "मला बघायचंय माझी मुलगी काय बघते ते."

बटणीने खेळ लावला. टीव्हीवर तेच घर आलं, तोच जिना. मास्तरांच्या हातात आज काजाचं काम नव्हतं, त्यामुळे डोळे ठेवायला जागा नव्हती. जिन्याच्या टोकाला ती पाठमोरी मुलगी उभी होती. फुग्याच्या बाह्या, कमरेला चुण्या. ती हळूहळू वळली, आणि मास्तरांनी तिला पहिल्यांदा समोरून पाहिलं.

त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. आई दोन पावलं मागे सरली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर आदळली. त्या मुलीला चेहरा म्हणावं असं काही नव्हतंच. आपण स्वतःच्या हाताने, मान मोडून, एकेक बटण मढवून हे पोरीच्या अंगात घातलं, हे मास्तरांच्या ध्यानात आलं.

बटणी मात्र शांतपणे बटणं दाबत होती. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"तू बघत का नाहीयेस?" आईने विचारलं.

"ती वळते तेव्हा बघायचं नसतं. आवाज थांबला की बघायचं. बाबापण नाही बघत."

"मग खेळतेस कशाला असलं?"

"बाबाने आणलाय ना."

आईने पुढे होऊन टीव्ही बंद केला. "ऐकलंत? मी तिला फोनवर खेळायला देते, पण बघून देते. तीनचा आहे तो खेळ. ससे आणि गाजरं."

"त्यात एक काका आहे," बटणी म्हणाली.

"कुठला काका?"

"ससाच आहे. पण मला काकासारखे मेसेज लिहितो. रोज विचारतो, कुठल्या शाळेत जातेस, घरी कोण असतं. मी नाही सांगितलं."

आई स्टुलावर बसली. तिने पर्समधून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत ठेवला, परत काढला. "पण त्याच्यावर तीन लिहिलंय," ती म्हणाली. "तीन म्हणजे..." वचपा काढायची ही वेळ होती. मास्तरांना तिची फक्त कीव आली, आणि स्वतःचीही.

ते खाली बसले, बटणीच्या समोर, जमिनीवर. "तुला भीती वाटत होती ना? मग मला सांगायचं नाही का, बटणे?"

ती बाहीचं टोक बोटांत गुंडाळत राहिली. बाही नेहमीप्रमाणे लांबच होती.

"तूच म्हणाला होतास, मोठा आहे, होईल हळूहळू. सगळंच मोठं असतं माझं. फ्रॉक असतो, स्वेटर असतो. मग मी थांबते ना वाढेपर्यंत. मला वाटलं, याचंही तसंच असेल. मी वाढले की भीती नाही वाटणार." मग जरा थांबून म्हणाली, "आणि खेळले नसते तर तुला वाटलं असतं, मला इथे यायला आवडत नाही."

इतकी वर्षं मास्तर मुलांची मापं घेत होते, पण त्या कपड्यात आज कुणीतरी असतं, असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांना भडभडून आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा."

खांदा, बाही, कंबर, उंची. दर वेळी मोजून झाल्यावर दोन बोटं पुढे सरकवायची त्यांची सवय. बाहीच्या वेळी बोटं सरकलीच. त्यांनी ती परत मनगटावर आणली.

"उद्या सकाळी आणते तिला," आई पर्स बंद करत म्हणाली. "मीही थांबेन थोडा वेळ. या फोनचं काय करायचं ते जरा बघू दोघं मिळून. मला एकटीला नाही कळणार."

"मला तरी कुठे कळतंय," मास्तर म्हणाले.

रविवारी बटणीने मास्तरांनी रात्रीत शिवलेला नवा फ्रॉक घातला. पिवळा, तिनेच निवडलेल्या कापडाचा. बाही मनगटावर थांबली, कंबर कमरेवर बसली. ती आरशापुढे वळून वळून बघत राहिली, हात वर करून, खाली करून, जणू कुठेतरी काहीतरी चुकलंय.

"बाबा, हा तर लगेच लहान होईल मला."

"होऊ दे," मास्तर म्हणाले. "तेव्हा तू ये. पुन्हा माप घेऊ."